कार्यवाहांनी आधी देवघेवीच्या टेबलाशी बसावे

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. ऐंशी वर्षांच्या नगर वाचनालयाचे कार्यवाहपद आपल्याकडे नुकतेच आले आहे. पुस्तकांची देवघेव संगणकावर न्यावी, वर्गणी वाढवावी आणि खालच्या मजल्यावरील वृत्तपत्र दालनाची स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिका करावी, ही तिन्ही कामे आपल्याला याच वर्षी उरकायची आहेत, आणि जुने सभासद आडवे येत असल्याने त्यांची समजूत कशी घालावी, असे आपण विचारले आहे. तालुक्याच्या गावातील अशाच एका वाचनालयाचा मी अकरा वर्षे कार्यवाह होतो. त्यातील पहिली दोन वर्षे मी ज्या चुका केल्या, त्यांच्या आधारावरच हे उत्तर लिहीत आहे.

वृत्तपत्र दालनाचा निर्णय आम्हीही घेतला होता. कार्यकारी मंडळात ठराव नऊ विरुद्ध दोन मतांनी संमत झाला, शनिवारी फलकावर सूचना लागली आणि सोमवारी वर्तमानपत्रांची टेबले वरच्या मजल्यावर गेली. नियमाप्रमाणे सर्व काही यथासांग झाले होते आणि कोणी तक्रारही केली नाही, म्हणून मी खुशीत होतो. तीन आठवड्यांनी आमच्या शिपायाने सहज सांगितले की सकाळी येणारे आजोबा आता येत नाहीत, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना जिना चढवत नाही. "मला विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं," असेही तो म्हणाला. रोज सकाळी सात वाजता दालनाचे कुलूप तोच उघडत असे. कोणाचे गुडघे दुखतात, कोण काठी घेऊन येतो, हे त्याला ठाऊक होते आणि आम्हा अकरा जणांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. पुढे सेहेचाळीस सह्यांचे मागणीपत्र आले आणि विशेष सभा बोलवावी लागली. त्या सभेत मी चूक कबूल केली, टेबले खाली आणली आणि अभ्यासिका वर नेली. विद्यार्थ्यांना जिन्याचे काहीच वाटले नाही. उलट वर शांतता जास्त असते म्हणून ते खूश झाले. हा पर्याय पहिल्याच दिवशी सुचण्याजोगा होता.

त्यानंतर मी आठवड्यातून दोन संध्याकाळी देवघेवीच्या टेबलाशी, ग्रंथपालबाईंच्या शेजारी, बसू लागलो. पुस्तके घेणे, कार्ड काढणे, तारखेचा शिक्का मारणे, दंडाची पावती फाडणे, एवढेच काम. सभासद कार्यवाहांच्या खोलीत येऊन जे कधीही बोलणार नाहीत, ते पुस्तक परत करताना बोलतात. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी 1931 मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आमच्याकडे ते चौकटीत घालून भिंतीवर लावलेले होते आणि त्याच भिंतीखाली वाचक वीस वीस मिनिटे रांगेत उभे असत. रांग का लागते, हे दुसऱ्याच संध्याकाळी कळले: एका माणसाला कार्डही शोधावे लागे आणि दंडाचा हिशेबही करावा लागे. संगणकाची गरज मला तिथे पटली, आणि सभासदांनाही ती रांगेचा दाखला देऊनच पटवता आली.

संगणकीकरणातील अडचण यंत्राची फारशी नसते. ई-ग्रंथालय घ्या किंवा कोहा, ग्रंथालयाची कोणतीही संगणकप्रणाली शिकता येते. खरी अडचण दाखल नोंदवहीत, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असलेल्या वहीत, असते. नोंदी भरू लागताच असे आढळते की वहीत असलेली शेकडो पुस्तके कपाटात नाहीत, आणि मग मागच्या मंडळांवर आरोप सुरू होतात. म्हणून नोंदणीला हात घालण्यापूर्वी मोजदाद करावी, गहाळ आणि जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन, म्हणजे ती नोंदीतून कमी करणे, नियमाप्रमाणे करण्याचा प्रस्ताव सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा आणि चौकशीचा सूर त्यात येऊ देऊ नये. एकाच लेखकाचे नाव कुठे आद्याक्षरांनी, कुठे पूर्ण, तर कुठे टोपणनावाने लिहिलेले असते. त्याची एक पद्धत ग्रंथपालांनीच ठरवावी. जुनी कार्डे किमान तीन महिने समांतर चालू ठेवावीत. मुख्य म्हणजे हे जादा काम सेवकांच्या अंगावर टाकू नये. अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांत त्यांचे वेतन किती तुटपुंजे असते, हे आपण जाणताच. सेवाभाव पदाधिकाऱ्यांनी भाषणात सांगायचा आणि निभवायचा मात्र शिपायाने, ही आपल्या संस्थांची जुनी खोड आहे. आमच्याकडे मंडळातील पाच जण रविवारी येऊन नोंदी भरत असत; त्या रविवारांनंतर "संगणक कशाला हवा" असे विचारणारे फार थोडे उरले.

वर्गणीबाबत थोडक्यात सांगतो. जमाखर्च फलकावर लावा, वाढ 1 एप्रिलपासून करा आणि ज्यांनी पूर्वी एकरकमी पैसे भरून आजीव सभासदत्व घेतले आहे, त्यांच्याकडे वर्गणीचा विषय काढू नका. देणगी मागता येते. दिलेला शब्द मागे घेता येत नाही.

"जुने सभासद आडवे येतात" हे वाक्य मात्र मला खटकले. आपल्या घटनेत मतदानाचा हक्क कोणाला आहे, हे एकदा पाहा. अनेक वाचनालयांत तो आजीव सभासदांना असतो, मासिक वर्गणीदारांना नसतो. तसे असेल तर अभ्यासिकेचा लाभ ज्यांना होणार त्यांना मत नाही आणि ज्यांना मत आहे त्यांना अभ्यासिकेचा उपयोग नाही, अशी ही गाठ आहे. ती सोडवायला बहुमत पुरत नाही. आम्ही चार विद्यार्थ्यांना वार्षिक सभेत निमंत्रित म्हणून बोलावले. त्यांच्यातील एका मुलीने घरी दोन खोल्यांत सात माणसे राहतात एवढेच सांगितले, आणि आमच्या सर्वांत कडक विरोधकांनी स्वतःहून दोन पंखे दिले.

संस्थेच्या हेतूंच्या कलमातच अभ्यासिकेची भर घालायची असेल, तर 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याने विशेष सभेत तीन-पंचमांश मते लागतात आणि महिनाभराच्या अंतराने दुसऱ्या विशेष सभेत तितक्याच मतांनी त्याला पुष्टी मिळवावी लागते. अनेकांना हा महिना वाया गेल्यासारखा वाटतो. आपण तो विरोध करणाऱ्यांच्या घरी जाण्यासाठी वापरावा, आणि जाताना ठरावाची प्रत नेण्यापेक्षा कोरी वही न्यावी.

शेवटी एक तातडीची गोष्ट. आपले वाचनालय सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेले असेल, तर नव्या मंडळाच्या निवडीचा बदल अर्ज 90 दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो. तो दिला आहे का, हे उद्याच पाहावे. अन्यथा पुढील प्रत्येक ठरावाच्या वेळी कोणी तरी उठून आपण कार्यवाह आहात की नाही, हाच प्रश्न आधी विचारील.