भविष्य, भाकीत, अंदाज, अनुमान: कोणता शब्द कुठे वापरावा?

तुम्ही विचारलंय की हे चारही शब्द समानार्थी आहेत का आणि हवामानाच्या बातमीत ‘भाकीत’ लिहिलेलं चालेल का. समानार्थी नाहीत. आणि पावसाच्या बातमीत ‘अंदाज’च लिहावा असं माझं ठाम मत आहे. त्यामागे घरचं कारण आहे, त्याकडे येतोच.

आधी ‘भाकीत’ घ्या. भाक म्हणजे दिलेला शब्द, वचन. जुनी माणसं ‘भाक दिली’ म्हणत. देवाकडे करुणा भाकतात, ते भाकणंही याच घरातलं. त्यामुळे भाकितात बोलणाऱ्याचा शब्द गुंतलेला असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत देवाचे मानकरी फरांडेबाबा येत्या वर्षाचं पाऊसपाणी, पीक, बाजारभाव यांबद्दल बोलतात. त्या बोलण्याला भाकणूक म्हणतात आणि ती ऐकायला लांबलांबून धनगर समाज येतो. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. हा ‘कौल’ अरबीतून आला आणि त्याचाही मूळ अर्थ शब्द, वचन असाच आहे. रयतेला जमीन कसण्यासाठी अभय देणारा जुना कागद तो कौलनामा. दोन अगदी वेगळ्या भाषांतले शब्द मराठीत येऊन एकाच जागी बसले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

‘अंदाज’ फारसी. त्याचं मूळ फेकणं या अर्थाच्या क्रियापदात आहे. तिरंदाज आणि गोलंदाज यांच्या शेपटाला आहे तोच हा ‘अंदाज’. नेम धरून टाकायचं, लागेल किंवा हुकेल. आई भाजीत मीठ अंदाजानेच टाकते आणि मग चाखून बघते. अंदाज उद्या सुधारता येतो. दिलेला शब्द सुधारता येत नाही, तो एकतर पाळला जातो किंवा मोडतो. सगळा फरक इथे आहे.

‘अनुमान’ म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या गोष्टीकडे जाणं. त्याला भविष्याचंच बंधन नाही. न्यायशास्त्रातली (कायद्याचं नव्हे, तर्काचं जुनं भारतीय शास्त्र) जुनी उदाहरणं योगायोगाने पावसाचीच आहेत: ढग दाटून आले म्हणजे पाऊस पडेल, हे एक, नदीला पूर आलाय म्हणजे वर कुठेतरी पाऊस पडून गेलाय, हे दुसरं. दुसऱ्यात भाकीत कुठेच नाही, पण अनुमान आहे.

‘भविष्य’ हा येणारा काळही आणि ज्योतिषी सांगतो तेही. ‘मुलांच्या भविष्याची काळजी’ आणि ‘पेपरात भविष्य वाचलं’ यांत गल्लत होत नाही. पण जे घडायचंच आहे असं आपण धरून चालतो त्याला ‘भवितव्य’ म्हणावं. ‘होरा’ हा ज्योतिषातला शब्द. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने तो ‘अहोरात्र’मधलं पहिलं आणि शेवटचं अक्षर गाळून झाल्याचं मत नोंदवलंय, पण तो ग्रीकांकडून आला असं अभ्यासक मानतात. आज ‘माझा होरा खरा ठरला’ असं राजकारणावर बोलणाराही म्हणतो.

अर्थाबद्दल शंका असेल तर क्रियापद बघा. अंदाज वर्तवतात, भाकीत करतात, अटकळ आणि आडाखे बांधतात, शकुन पाहतात, इशारा देतात. ‘इशारा वर्तवला’ कुठे वाचलं की मला खडा लागल्यासारखं होतं.

आता घरचं कारण. आमचं गाव बुलढाणा जिल्ह्यातलं. जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला अक्षय तृतीयेला घटमांडणी होते. वर्तुळात अठरा प्रकारची धान्यं मांडतात, मधे घागर आणि तिच्यावर पुरी, पापड, कुरडई. दुसऱ्या दिवशी पहाटे निरीक्षण करून वर्षाचं भाकीत सांगतात. वडील दरवर्षी श्रद्धेने ऐकत, पण पेरणी जमिनीची ओल बघूनच करत. श्रद्धा आणि तिफण यांची त्यांनी कधी सरमिसळ केली नाही.

फसले ते एका बातमीने. एका जून महिन्यात हवामान खात्याने ‘विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता’ म्हटलं होतं. एका वर्तमानपत्राने मथळा दिला की अमुक तारखेपासून पाऊस बरसणार. खात्याच्या भाषेत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे त्या विभागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर. हे मथळ्यात नव्हतं, आतही नव्हतं. वडिलांनी कपाशीची धूळपेरणी केली, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत बी टाकलं. एक हलकी सर आली, कोंब वर आले आणि पुढे पंधरा दिवस कोरडे गेले. दुबार पेरणीचं बियाणं उसनवारीने आणलं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग सांगतो. वडिलांना ते माहीत होतं. पण छापलेल्या ‘बरसणार’ला त्यांनी कुणीतरी दिलेला शब्द मानलं.

मी आता मुद्रितशोधनाचं काम करतो. मजकुरात ‘पाऊस पडणार’ दिसलं की खोडून ‘पावसाची शक्यता’ करतो, ‘तुरळक’ गाळलं असेल तर परत घालतो आणि अंदाज कोणत्या जिल्ह्यासाठी, कोणत्या तारखांसाठी आहे ते पहिल्या परिच्छेदात आणतो. भेंडवळच्या बातमीत मात्र ‘भाकीत’ तसंच ठेवतो. तिथे तोच शब्द खरा आहे.