‘अशील’ आणि शासनाचा वकील

प्रश्न असा आहे : शासनाच्या कर्जरोख्यांचे आणि हमीपत्रांचे मसुदे तपासणाऱ्या वकिलाला ‘सरकारी वकील’ म्हणावे काय, आणि शासन हे त्याचे ‘पक्षकार’ की ‘अशील’?

पहिल्या भागाचे उत्तर थोडक्यात देतो. ‘सरकारी वकील’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे आरोपीविरुद्ध उभा राहणारा अभियोक्ता येतो. त्यामुळे मसुद्यांचे काम पाहणाऱ्याला ‘विधी सल्लागार’ म्हणावे. राज्यघटनेच्या १६५व्या अनुच्छेदातला महाधिवक्ता, म्हणजे राज्याचा सर्वोच्च विधी अधिकारी, हे निराळेच पद आहे.

खरी मौज ‘अशील’मध्ये आहे. हा शब्द ‘अ’ अधिक ‘शील’ असा फोडून त्याचा अर्थ ‘शील नसलेला’ असा लावणारे आणि म्हणून तो टाळणारे लोक वारंवार भेटतात, आणि दर वेळी तितकाच वैताग येतो. संस्कृत शीलाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. तो अरबी ‘असील’ आहे, आपल्या ‘अस्सल’चा सख्खा भाऊ : स्वतःच्या हक्काने उभा असलेला तो असील, त्याने ज्याच्यावर काम सोपवले तो वकील. उर्दू कोर्टकचेरीत ‘असालतन’ म्हणजे जातीने आणि ‘वकालतन’ म्हणजे वकिलामार्फत, ही जोडी आजही ऐकू येते.

भाषाशुद्धीचे कैवारी येथे ‘पक्षकार’ सुचवतात. त्यांनी एकदा एखादे हमीपत्र वाचावे. त्यात कर्ज देणारी बँक पक्षकार, कर्ज घेणारे महामंडळ पक्षकार आणि हमी देणारे शासनही पक्षकारच. मग वकील बांधील कोणाला, हे तो शब्द सांगत नाही. ‘अशील’ सांगतो.

त्याच हमीपत्रात इंग्रजी ‘प्रिन्सिपल’ हा शब्द तीन वेशांत वावरतो : कर्जाची मुद्दल, १८७२च्या करार अधिनियमातील मूळ ऋणको म्हणजे कर्जदार, आणि वकिलाचा अशील. हिंदीतही मुद्दलीला ‘असल’च म्हणतात. व्याजाच्या आणि वकिलीच्या व्यवहाराची मुळाविषयीची कल्पना एकच असावी, असे माझे लाडके मत आहे. कोशकारांनी या साम्याला केवळ योगायोग म्हणून वाटेला लावू नये.

आता शासनाचा वकील ज्याच्यासाठी काम करतो तो असील नेमका कोण? मंत्री नव्हे, वित्त विभागाचा सचिवही नव्हे. २९९व्या अनुच्छेदानुसार राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने होतो, पण त्यापायी राज्यपाल व्यक्तिशः बांधील होत नाहीत. २९३व्या अनुच्छेदाने एकत्रित निधीच्या, म्हणजे राज्याच्या मुख्य तिजोरीच्या, तारणावर कर्ज काढण्याचा अधिकार राज्याला दिला आहे, आणि हमी देण्याचाही. म्हणजे कागदावर नाव राज्यपालांचे, सही एखाद्या उपसचिवाची, आणि अशील मात्र राज्य. ऋणकोने कर्ज थकवले तर हमीदार म्हणून मुद्दल भरण्याची पाळी याच अशिलावर येते.