मित्रासोबत चार दिवस स्पेनमधलं ग्रानादा, दोघंही विद्यार्थी, एक शाकाहारी. किती खर्च येईल?

मी जर्मनीत शिकत असताना मार्चमध्ये गेलो होतो. मालागापर्यंतचं विमान सोडून माणशी 175 युरो लागले. त्यात होस्टेलच्या तीन रात्री, मालागाहून बसनं जाणं-येणं, खाणं आणि अलहंब्राचं, म्हणजे तिथल्या जुन्या किल्ला-महालाचं तिकीट आलं. पण तुम्ही 'एक शाकाहारी' असं लिहिलंत, म्हणून एवढं टंकत बसलोय.

ग्रानादाची पद्धत ऐकली असेलच. बारमध्ये पेय मागवलं की सोबत तापा, म्हणजे चखणा, फुकट. आपल्यासारखे खारे दाणे नव्हेत. बशीभर खाणं असतं, आणि दुसऱ्या पेयाला दुसरं काहीतरी येतं. काय यायचं ते बहुतेक वेळा बारवाला ठरवतो. बियर तीन युरोच्या आसपास, तीन बियरमध्ये माझं जेवण व्हायचं. माझा मित्र अव्या सांगलीचा, अंड्यापुढे काही खात नाही, पीतही नाही. तो मोस्तो घ्यायचा, म्हणजे द्राक्षाचा रस. त्यावरही तापा मिळायचा.

पहिल्या संध्याकाळी नावास गल्लीत त्यानं विमानात पाठ केलेलं वाक्य म्हटलं, 'सिन कार्ने', मांस नको. वेटरनं मान डोलावली आणि दोन छोट्या करंज्या आणून ठेवल्या. हुबेहूब करंजी, फक्त मुरड घालायच्या ऐवजी काट्यानं दाबलेली कड. अव्यानं खुशीत अर्धी तोंडात टाकली आणि चावायचा थांबला. सारण माशाचं होतं. वेटर समजावायला लागला, 'कार्ने नो, आतून!' मला वाटलं हा मराठी बोलतोय. ट्यूनाला स्पॅनिशमध्ये आतून म्हणतात. मी टेबलावर डोकं ठेवून हसलो, आणि तेच अव्यानं मनात धरलं असावं.

तिथून पुढे प्रत्येक बशीत काही ना काही निघायचं. 'मांस नको' म्हटलं तरी हॅमच्या चकत्या यायच्याच, कारण हॅम हे मांस आहे असं तिथे कुणाला वाटत नसावं. त्या बशा माझ्याकडे सरकायच्या. अन्न टाकायचं कसं, म्हणून मी खायचो. शेवटच्या रात्री होस्टेलच्या बंकवर बसून ह्यानं मोबाईलमध्ये हिशेब काढला. 'माझे अकरा तापे तू खाल्लेस. अकरा मोस्तोचे निम्मे पैसे तुझ्याकडे.' मी म्हटलं, फुकटच्या वस्तूचा कसला हिशेब? तो म्हणे, मला तहान नव्हतीच, मी तापासाठी पीत होतो. या गोष्टीला तीन वर्षं झाली, लग्नकार्यात भेटलो तरी निघतेच. माझं मत आजही तेच: ज्यानं पेय प्यालं, पैसे त्याचे. म्हणून सांगतो, हिशेब रोज झोपायच्या आधी मिटवा. चार दिवसांचा साठवू नका.

तुमच्यातल्या शाकाहारी मित्रानं बारमध्ये शिरतानाच 'नि हामोन, नि आतून', म्हणजे हॅमही नको, ट्यूनाही नको, असं स्पष्ट सांगावं. काही ठिकाणी मग अंडं-बटाट्याची तोर्तिया देतात. अंडंही चालत नसेल तर सरळ पैसे मोजून बेरेनहेनास कोन मिएल मागवा. वांग्याचे कुरकुरीत तळलेले काप, वर उसाची काकवी. मेन्यूत मध लिहिलेला असतो, पण असते काकवीच. तुमच्या आजीलाही पटेल.

बाकी शहर पायी होतं. सान निकोलास या उंचावरच्या चौकाच्या कठड्यावरून समोर अलहंब्रा, मागे सिएरा नेवादा डोंगरांचा बर्फ, त्याला एक छदाम लागत नाही. सामान चाकांच्या बॅगेत नेऊ नका, अल्बायसिन या जुन्या वस्तीतले दगडी चढ चाकं खातात. रात्री थंडी असते.

हो, एक राहिलं. अलहंब्राचं तिकीट निघायच्या खूप आधी ऑनलाइन काढा. तिथे जाऊन बघू म्हणाल तर बाहेरूनच परत याल. आतल्या नासरी महालांची वेळ तिकिटावर छापलेली असते, ती चुकली की आत सोडत नाहीत. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा. आमची तिकिटं अव्यानं दोन महिने आधी स्वतःच्या कार्डावरून काढली होती, हे मात्र कबूल करायला हवं. माझ्या वाट्याचे वीसेक युरो मी वरच्या 175 मध्ये धरलेत. त्याला दिले होते का, ते जुनं बँक स्टेटमेंट काढून बघावं लागेल.