चेक इंजिनचा दिवा लुकलुकतोय, गाडी चालवत राहिलो तर चालेल का?

नका चालवू. दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येतं. लुकलुकतोय म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न पेटणं) जोरात आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर स्वच्छ करणाऱ्या भागात) जाऊन पेटतं आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो. बॅटरीची वायर काढून दिवा घालवायचा सल्ला कोणीतरी देईलच, ऐकू नका. गाडीने नोंदलेला बिघाडाचा कोड, म्हणजे पुरावाच पुसला जातो.

ओबीडी स्कॅनर (हे कोड वाचणारं यंत्र) लावा. पी०३०२ कोड म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. पी०३०० म्हणजे एकच सिलिंडर नक्की सांगता येत नाही. पी०३०२ आला आणि प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) असेल तर इंजिन बंद करून दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावा, कोड पुसा, थोडा वेळ जागेवरच इंजिन चालवा. पी०३०३ आला तर कॉइल गेलेली. पी०३०२ च राहिला तर आधी स्पार्क प्लग, मग इंजेक्टर (पेट्रोल फवारणारा भाग), शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासून घ्या.