नोडमधल्या कॅशेतल्या नोंदी मुदतीआधीच का उडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोडमध्ये (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड.जेएसमध्ये) मॅपमध्ये, म्हणजे की आणि तिची किंमत अशा जोड्यांच्या रचनेत, कॅशे (पुन्हा लागणाऱ्या डेटाचा तात्पुरता साठा) ठेवलाय आणि प्रत्येक नोंद टाकताना ती पुसणारा सेटटाइमआउट (ठरलेल्या वेळाने काम करणारा टायमर) लावलाय. पाच मिनिटांची नोंद कधी मिनिटभरात गायब होते, 30 दिवसांची टाकताक्षणी जाते आणि टेस्ट संपल्या तरी प्रोसेस बंद होत नाही.

तिन्हींच्या मुळाशी टायमरच आहे. समजा 10:00 ला ‘दर’ या कीवर नोंद टाकली, तिचा टायमर 10:05 चा. 10:04 ला त्याच कीवर नवी किंमत लिहिली. किंमत बदलली, पण जुना टायमर कुणी रद्द केलाच नाही; तो 10:05 ला नवीकोरी नोंद पुसून टाकतो. 30 दिवसांचं कारण वेगळं: सेटटाइमआउटला जास्तीत जास्त 2147483647 मिलिसेकंद, म्हणजे साधारण 24.8 दिवस चालतात. 30 दिवसांचे 2592000000 होतात. त्या मर्यादेपुढे गेलात की नोड अवधी 1 मिलिसेकंद करून टाकतो. लॉगमध्ये टाइमआउटओव्हरफ्लोवॉर्निंग ही सूचना शोधा, सापडेल. आणि टायमर बाकी असेपर्यंत इव्हेंट लूप (बाकी कामं एकेक करून चालवणारं नोडचं चक्र) संपत नाही, म्हणून प्रोसेस लटकते.

माझं स्पष्ट मत: दर नोंदीमागे टायमर ठेवूच नका. नोंदीत किंमत आणि ‘कधीपर्यंत चालेल’ ती वेळ, एवढंच ठेवा. वाचताना वेळ तपासा. उलटून गेली असेल तर डिलीट करा आणि ‘नाही’ म्हणा. वेळेसाठी डेट-नाऊपेक्षा (घड्याळातली वेळ) परफॉर्मन्स-नाऊ (प्रोसेस सुरू झाल्यापासूनचा वेळ) बरा, सर्व्हरचं घड्याळ मागेपुढे केलं तरी तो बिघडत नाही.

यात एक भोक राहतं: जी की पुन्हा कुणी वाचतच नाही, ती मेमरीत पडून राहते. त्यासाठी मिनिटाला एकदा झाडू मारणारा एकच सेटइंटरव्हल (ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा चालणारा टायमर) लावा, त्याला अनरेफ करा, म्हणजे तो प्रोसेसला अडवून ठेवणार नाही. शिवाय नोंदींची कमाल संख्या ठरवा. मॅप घातलेला क्रम जपतो, त्यामुळे वाचलेली की डिलीट करून पुन्हा सेट केली की ती शेवटी जाते. मर्यादा ओलांडली की पहिली की काढा. तीच सर्वांत जास्त काळ न वापरलेली.

खरी धांदल मुदत संपते त्या क्षणी होते. तेव्हा 200 रिक्वेस्ट आल्या तर सगळ्यांना कॅशे रिकामा दिसतो आणि 200 क्वेरी डेटाबेसवर आदळतात. म्हणून उत्तराची वाट न पाहता प्रॉमिसच (पुढे येणाऱ्या उत्तराची जागा धरणारा ऑब्जेक्ट) कॅशेत ठेवा; बाकीचे 199 त्याच प्रॉमिसवर थांबतील. तो रिजेक्ट झाला, म्हणजे उत्तराऐवजी एरर आला, तर नोंद लगेच काढा, नाहीतर मुदतभर तोच एरर वाटत बसाल. मात्र काढण्याआधी त्या कीवर तोच प्रॉमिस आहे ना, हे पाहा.

आणखी एक: मॅप ऑब्जेक्टची प्रत देत नाही. एका रूटने (एका पत्त्यावरच्या रिक्वेस्ट हाताळणाऱ्या कोडने) मिळालेल्या ॲरेवर सॉर्ट चालवला की सगळ्यांनाच तो बदललेला दिसतो. प्रत हवी तर स्ट्रक्चर्डक्लोन हे फंक्शन वापरा.

तयार पॅकेज घ्यायचं असेल तर एकक बघून घ्या. एलआरयू-कॅशे या पॅकेजात मुदत मिलिसेकंदांत, नोड-कॅशे या पॅकेजात सेकंदांत. 300000 हा आकडा इकडून तिकडे चिकटवलात तर पाच मिनिटांचे जवळजवळ साडेतीन दिवस होतात.

क्लस्टरमध्ये (एकाच ॲपच्या अनेक प्रोसेस चालवण्याच्या पद्धतीत) चार प्रोसेस चालवत असाल तर कॅशेही चार असतात. एकात पुसलेली नोंद उरलेल्या तिघांत तशीच राहते. हे चालणार नसेल तर तेवढा डेटा रेडिसमध्ये (सगळ्या प्रोसेसना वापरता येणाऱ्या वेगळ्या डेटा-साठ्यात) हलवा.