जुन्या प्लेस्टेशनवर लिनक्स चालेल का?

प्रश्न : लातुरात जुना प्लेस्टेशन ३ मिळतोय. विकणारा म्हणतो, यावर लिनक्सही (विंडोजसारखी, संगणक चालवणारी प्रणाली) चालतं. घेऊ का? – एक वाचक, औसा

उत्तर : पैसे देण्याआधी मशीन चालू करून सेटिंग्ज, सिस्टीम सेटिंग्ज, सिस्टीम इन्फर्मेशन असं जाऊन मशीनच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती बघा. ३.१५ किंवा त्याखालची असेल तरच घ्या, तेही जाड मॉडेल. २००९च्या स्लिम म्हणजे बारीक मॉडेलमध्ये लिनक्स टाकायची सोय मुळातच नव्हती. १ एप्रिल २०१० रोजी सोनीने ३.२१ अपडेटने ती जाड मॉडेलमधूनही काढून घेतली. अपडेट नाकारलं तर ऑनलाइन खेळणं बंद. पैसे मोजलेल्या वस्तूतली सोय अशी काढणं हा सरळ अन्याय होता.

घेतलात तर नेट जोडू नका. नंतरच्या गेमच्या डिस्कमध्येही अपडेट असतं. मशीनने अपडेट करू का विचारलं की नकार द्या. एकदा वर गेलेली आवृत्ती खाली आणायची सोय कंपनीने ठेवलेली नाही.