आधी कोर्टाची नक्कल, मग स्वित्झर्लंड

तासगाव तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदारांनी विचारलं आहे. बांधाच्या भांडणातून २०१९ मध्ये चुलतभावाने फिर्याद दिली. भादंवि (भारतीय दंडविधान) ३२४ (घातक हत्याराने दुखापत), ५०४ (चिथावणारा अपमान), ५०६ (धमकी) खाली दोषारोपपत्र दाखल आहे, जामीन झालाय, खटला तालुका कोर्टात तारखा खातोय. कित्येक वर्षं मनात असलेली स्वित्झर्लंडची सहल मेमध्ये ठरली, चौघांचे आगाऊ पैसेही भरले. पासपोर्टच्या नूतनीकरणाच्या अर्जात फौजदारी खटल्याच्या प्रश्नापुढे एजंटने ‘नाही’ भरलं, पोलीस पडताळणीत खटला निघाला, आणि पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाचं खुलासा मागणारं पत्र येऊन दोन महिने झाले. आता काय?

एजंटने भरलं हे उत्तर चालत नाही, सही तुमची आहे. पासपोर्ट कायद्याच्या कलम १२ खाली जाणूनबुजून खोटी माहिती देण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. दर वेळी गुन्हा दाखल होतोच असं नाही, पण पत्राला उत्तरच न देणं हा सगळ्यात वाईट मार्ग, आणि तुम्ही नेमका तोच धरलात. या आठवड्यात लेखी खुलासा पाठवा: खटला क्रमांक, कोर्ट, कलमं, सध्याची स्थिती, चुकीची कबुली, आणि कोर्टाकडे परवानगी मागत असल्याचा उल्लेख. सबबी नकोत.

खरी गाठ पुढेच आहे. त्याच कायद्याच्या कलम ६(२)(एफ) प्रमाणे फौजदारी कोर्टात कारवाई प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारायचा असतो. त्यातून सुटका देते ती २५ ऑगस्ट १९९३ ची केंद्र सरकारची अधिसूचना, क्रमांक जी.एस.आर. ५७०(ई). जिथे खटला चालू आहे त्याच कोर्टाचा परदेशी जाण्याची परवानगी देणारा आदेश आणला, की पासपोर्ट मिळू शकतो. किती मुदतीचा, हे त्या आदेशात काय लिहिलंय यावर ठरतं. कोर्टाने पासपोर्टची मुदत लिहिली तर तेवढी. काहीच लिहिलं नाही तर एक वर्ष. वर्षाच्या आतल्या प्रवासाला परवानगी दिली पण पासपोर्टच्या मुदतीबद्दल आदेश गप्प राहिला, तरीही एकच वर्ष.

इथेच लोक फसतात. ‘पासपोर्ट मिळण्यास हरकत नाही’ एवढ्या एका ओळीचा अर्ज टाकतात, तेवढाच आदेश घेऊन येतात आणि वर्षभराचं पुस्तक हातात पडलं की कपाळाला हात लावतात. शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येतात असे युरोपातले देश, स्वित्झर्लंड त्यातलाच) नियम असा, की तिथून निघायच्या तारखेनंतर पासपोर्ट किमान तीन महिने चालू असला पाहिजे. समजा फेब्रुवारीत एक वर्षाचा पासपोर्ट मिळाला, तर मेची सहल आरामात बसते. पण तीच सहल बागेच्या कामांमुळे दिवाळीच्या सुट्टीच्या शेवटावर ढकललीत, तर व्हिसाच्या खिडकीवरूनच परत याल.

म्हणून कोर्टातल्या अर्जाच्या विनंतीच्या परिच्छेदात दोन्ही गोष्टी स्वतंत्र मागा: ‘अर्जदारास भारताबाहेर जाण्यास परवानगी द्यावी’ आणि ‘अर्जदाराचा पासपोर्ट दहा वर्षांच्या मुदतीसाठी नूतनीकरण करून देण्याचा आदेश व्हावा’. दहा वर्षं मिळतीलच असं नाही. कोर्टाने कमी दिली तरी चालेल, पण आकडा आदेशात आला पाहिजे. सोबत दोषारोपपत्राची प्रत, जामिनाचा आदेश, जुना पासपोर्ट, सहलीच्या तारखा आणि प्रत्येक तारखेला हजर राहिल्याचा रोजनामा (कोर्टातली तारीखवार नोंद) लावा. तुम्ही मध्येच गैरहजर राहून वॉरंट काढून घेतलं असेल तर अर्ज तिथेच जड जाईल. जामिनाच्या अटीत ‘देश सोडू नये’ असेल तर ती शिथिल करून घ्यावी लागेल, आणि जामीन सांगलीच्या सत्र न्यायालयाने दिला असेल तर त्यासाठी तिकडे जा.

वेळ जातो तो सरकारी वकिलांच्या म्हणण्यात. ‘म्हणणे द्यावे’ असा शेरा पडतो, पोलीस ठाण्याकडून अहवाल येत नाही, तारीख पंधरा दिवसांनी पुढे. तुमच्या वकिलांना स्वतः पाठपुरावा करायला सांगा. आदेश झाला त्याच दिवशी प्रमाणित नकलेचा अर्ज टाका. मोबाईलवरचा आदेशाचा फोटो सांगलीच्या पासपोर्ट सेवा केंद्रात कामाचा नाही. कोर्ट बोलावेल तेव्हा हजर राहीन, असं हमीपत्रही पासपोर्ट कार्यालयाला द्यावं लागतं.

चुलतभावाशी तडजोड करून खटलाच मिटवू, असंही तुम्ही लिहिलंय. ३२४ आता आपसात मिटवता येत नाही. त्यासाठी उच्च न्यायालयात खटला रद्द करण्याचा अर्ज करावा लागतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झाल्याने मुंबईची वारी वाचली, एवढंच. करा जरूर, पण मेच्या सहलीसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.

ज्यांच्यावर नुसता गुन्हा नोंदला आहे, तपास चालू आहे आणि कोर्टाने अजून दखल घेतलेली नाही, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे ६(२)(एफ) सहसा आड येत नाही.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी लागतो, निकाल पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. म्हणजे मार्च संपायच्या आत पासपोर्ट हातात हवा. नक्कल मिळेपर्यंत टूर कंपनीला तुमच्या नावाचा पुढचा हप्ता भरू नका, आणि रद्द केल्यास किती कापतात ते बुकिंग फॉर्मवर आजच वाचा. पत्नी आणि मुलांच्या पासपोर्टला यातलं काही लागू नाही. त्यांच्या व्हिसाचे अर्ज तुमच्यासाठी अडवून ठेवू नका.